परत लावायचा माल

५ जुलै, बुधवार

ही वही नातीची. चार पानं लिहून तिनं टाकून दिली होती, पुढची सगळी कोरी. कोरा कागद मला टाकवत नाय. ती म्हणली, आजी, लिहिणार काय? म्हणलं, मनात यील ते.

मी तिसरीपर्यंत शिकले. पैठणच्या अलीकडं आमचं गाव, शाळेत मास्तर एकच. माझा पहिला नंबर असायचा. नव्हता, खोटं कशाला लिहू, ही वही कुणी वाचणार नाय. पण धडा सांग म्हणलं की मी असा सांगायची की मास्तर छडी खाली ठेवून ऐकायचे. धड्यात नसलेलंबी घालायची. ती खोड अजून हाय.

मालक गेल्यावर काकासाहेबानं मला इथं सिडकोत आणलं. हा लेक चांगला, सून चांगली, नात तर गोडच. पण नऊ वाजता तिघंबी बाहेर. दिवसभर बोलायला कुणी नाय. काल मी फ्रिजला म्हणलं, काय गुरगुरतोस रे. मग माझं मलाच हसू आलं.

९ जुलै, रविवार

आज काकासाहेबानं जालना रोडच्या मोठ्या दुकानात नेलं. अगं बाई! मोंढ्यातल्या दहा आडती एका छताखाली घातल्या तरी जागा उरंल. छत एवढं उंच की वर चिमण्या उडत होत्या. आत गार हवा, आन् कुणी विचारत नाय काय पाहिजे म्हणून. खुशाल फिरा.

ज्वारी उघड्या पेटीत होती. मी मूठ भरली, फुंकर मारली, चार दाणे दाताखाली घेतले. शाळू होती, पण औंदाची नव्हती. उरलेली परत पेटीत टाकली. पुढं भेंडी. भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय मी कधी घेत नाय. कटकन मोडलं तर कवळी, वाकलं तर जून. वीसेक मोडली असतील, तेवढ्यात एक पोरगी आली. निळा अंगरखा, छातीवर बिल्ला, त्यावर नाव, मी वाचलं बी. अंबिका.

"आजी, टोकं नका मोडू. मोडलेली कुणी घेत नाय."

"मग कवळी का जून कळणार कसं?"

"मी देते ना निवडून." आन् तिनं नुसत्या बोटानं चाचपून पावशेर काढून दिली. सगळी कवळी! मी म्हणलं, तुझं माहेर कुठलं गं? तर बिडकीनकडची निघाली. आमच्याच वाटंवरची! दोघी गप्पा मारत उभ्या राहिलो. मागनं एकजण ओरडला, "अरे ओ दीदी, बातां बाद में, साबण कुठं हाय ते सांग." तिनं हासूनच सांगितलं.

गुळाची ढेप घेतली होती, ती सूनबाई नको म्हणली. आता कोण मागं जातं. दिली ठेवून साबणाच्या फळीवर. त्यांची माणसं असतात.

१३ जुलै, गुरुवार

आज एकटीच सिटी बसनं गेले. काय घ्यायचं नव्हतं. पण सूनबाईला म्हणलं, हिंग संपला.

अंबिका एक ट्रॉली ढकलत चालली होती, तीत सगळा सावळा गोंधळ. टॉवेलाच्या घडीतनं निघालेलं आइस्क्रीम, पार पाणी झालेलं. चपलांच्या खोक्यामागं सापडलेली दुधाची पिशवी. अर्धा खाऊन दडवलेला बिस्किटाचा पुडा. आन् वर माझी गुळाची ढेप!

मी म्हणलं, "अगं ही माझी!"

"तुमची व्हय? दोन दिवस साबणाचा वास मारतीय म्हणून बाजूला काढून ठेवली होती."

मला हसू आलं, तिलाबी आलं. मग तिनं सांगितलं. लोक एक वस्तू उचलतात, पुढं जाऊन मन बदलतं, आन् जिथं उभे असतील तिथं ती ठेवतात. दिवसाला अशा आठ-दहा ट्रॉल्या निघतात. ह्या मालाला दुकानात "परत लावायचा माल" म्हणतात. ज्याची त्याची जागा बघून तो परत लावायचा, हेच तिचं काम. वितळलं, फुटलं, फाटलं, तर वरून बोलणं तिलाच.

"आन् लोक तुला काय म्हणत नायत?"

"लोक मला बघतच नायत आजी."

मी ढेप विकत घेतली. वास येतो खरा. चहात टाकली तर काकासाहेब म्हणला, आई, चहाला अंघोळ घातली का.

२० जुलै, गुरुवार

मला नोकरी लागली! सूनबाईला म्हणलं तर ती दचकलीच. म्हणलं, अगं पगाराची नाय, मनाची.

आता मी रोज अकराच्या बसनं जाते. अंबिका एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. पुड्यावरची इंग्रजी अक्षरं मला येत नायत, पण रंग आन् चित्र बघून जागा शोधते. हिरव्यात हिरवं, सूर्याचं चित्र तिकडं. श्रीनिवास सर म्हणून तिथले साहेब हायत, अंबिकाच्या वरचे, तरणेच, डोळे कायम जागरणाचे. ते म्हणले, आजी, बसा, पडाल. म्हणलं, मी शेतात ज्वारीची कणसं खुडली रे बाबा, फरशीवर काय पडते.

अधिक महिना लागलाय, जावयांची चंगळ. लोक तांब्यापितळंवर तुटून पडलेत. आज एका बाईनं चाळीस ताट-वाट्या खाली काढून फरशीवर मांडल्या, एकीवर एक वाजवून बघितल्या, आन् फोन आला तशी उठून निघून गेली. सगळं तिथंच! मी मागनं हाक मारली, "ओ ताई, पंगत उठवा की." तिनं वळूनबी बघितलं नाय.

आता माझ्या ध्यानात यायला लागलंय. ट्रॉली आडवी लावून माणसं फोनवर बोलत उभी राहतात, मागं वीस माणसं खोळंबली तरी सरकत नायत. पोरं ट्रॉलीत चिखलाच्या बुटासकट पावाच्या पुड्यांवर बसतात. रांगंत एकटा उभा राहतो, आन् पाळी आली की आठ माणसं आठ दिशांनी सामान आणून टाकतात. टोमॅटोला प्रत्येक माणूस अंगठा दाबून बघतो, संध्याकाळपर्यंत टोमॅटोच्या अंगावर माणसाचे अंगठे.

मी भेंडीची टोकं मोडायची सोडली. ज्वारीची मूठ भरली जाते अजून. हाताला कोण शिकवणार.

२ ऑगस्ट, बुधवार

आज लई मोठी गोष्ट कळली, पण लिहू का नको. लिहिते. वही काय कुणाला सांगत नाय.

चार दिवस बघत होते. अंबिका साबणाच्या बाजूला आली की पदरासारखी ओढणी नाकाला लावती. आन् तांदळाच्या पेटीजवळ उगंच थांबती, कच्चे दाणे तोंडात टाकती. आज मी तिचा हात धरला, म्हणलं, "कितवा?"

तिचा चेहरा पांढरा पडला. इकडंतिकडं बघितलं, मला पोत्यांच्या मागं नेलं. म्हणली, "आजी, पाया पडते, कुणाला सांगू नका. तिसरा लागलाय."

"अगं मग पेढे द्यायचे सोडून रडतेस काय?"

मग तिनं सगळं सांगितलं. ती कंत्राटदाराकडची हाय. सहा महिने भरले की काही पोरींना दुकानात कायम करतात. तिचं नाव यादीत हाय, गणपती झाले की व्हईल. कायम झाली की दवाखान्याचं कार्ड मिळतं. पण आधीच कळलं दिवस हायत तर यादीतनं नाव जातं, कंत्राटदार दुसरी पोरगी पाठवतो. दोघींचं असं झालंय. तिचा नवरा बन्सी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होता, तिथलं काम उन्हाळ्यात सुटलं. आता मिळंल ते करतो.

आन् मागच्या साली एक सातव्या महिन्यात गेलं. ह्या दवाखान्यातनं त्या दवाखान्यात पळता पळता रिक्षातच गेलं. मुलगा होता. ती म्हणली, "आजी, मला फक्त ते कार्ड पाहिजे. एवढे सात-आठ आठवडे निघू द्या."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आन् मग माझी जीभ कुठली गप राहती. म्हणलं, "हे बघ, कुणी विचारलं तर गप राहायचं. पण नाय म्हणायचं नाय. पोटातलं ऐकत असतं. आमची जाऊ सरूबाई, तिला लग्नाच्या मांडवात कुणीतरी विचारलं, काय गं, दिवस गेले का? ती लाजून म्हणली, नाय हो, कुठलं. आठ दिवसांत गेलं बघ. लेकराला वाटलं, आई नको म्हणतीय."

अंबिकानं दोन्ही हात पोटावर ठेवले. म्हणली, "नाय म्हणणार, आजी. कधीच नाय म्हणणार."

म्हणजे "नाय" असं म्हणणार नाय. मला समाधान वाटलं. एवढी शिकलेली पोरगी, बारावी झालेली, पण ऐकती.

८ ऑगस्ट, मंगळवार

आता जड माल मी तिला उचलू देत नाय. मी पुढं हुते, कुणातरी चांगल्या घरच्या पोराला म्हणते, अरे बाळा, एवढं वर ठेव. दहांतला एक ठेवतो. बाकीचे म्हणतात, आजी, त्यांना सांगा ना, त्यांचं कामच हाय.

हिरवा खण बघून ठेवलाय. पाचव्यात तिची ओटी भरायची. आईबाप बिडकीनकडं, आई आजारी असती. मीच भरीन. मनात नुसतं फुलबाज्या उडतात. रात्री नातीनं विचारलं, आजी, एकटीच काय हसती? म्हणलं, गुपित हाय. माझ्या पोटात गुपित सहा दिवस टिकलं, हे मालक असते तर त्यांनी मानलं नसतं.

१५ ऑगस्ट, मंगळवार

आज मी एक काम केलं.

झेंड्याची सुट्टी, त्यात स्वस्ताईची जाहिरात. दरवाजे उघडायच्या आधीच बाहेर रांग, उघडल्याबरोबर माणसं आत पळाली. म्हाताऱ्या बाया पळाल्या. एका माणसानं चार ट्रॉल्या चार लेकरांना धरून ठेवायला लावल्या आन् स्वतः मधी तेलाचे डबे भरत सुटला, कुणाला एक घेऊ देईना. चादरींच्या ढिगात दोन बायांनी एकच चादर धरली, दोन्हीकडनं ओढली, फाटली तशी दोघींनीबी सोडून दिली. फाटकी चादर कुणाची? परत लावायचा माल.

अंबिका सकाळपासून बसली नव्हती. एक बाई, अंगावर सोनं, बोलणं गोड, तिला म्हणली वरचं दहा किलो तांदळाचं पोतं काढ. तिनं काढलं. "हे नको, त्याच्या मागचं." ते काढलं. "ह्याच्यावर तारीख जुनी हाय, सगळ्यात मागचं बघ." मी मधी पडले, म्हणलं, ताई, तांदूळ जुनाच चांगला. ती म्हणली, "तुम्ही कोण?" तिसरं पोतं काढलं तोपर्यंत बाईला दुसरीकडं स्वस्त साखर दिसली. गेली. तीन पोती वाटंत.

अंबिका खाली बसून ती ओढून बाजूला करायला लागली, तेवढ्यात एक गडी ट्रॉली पळवत आला. ट्रॉलीत दोन पोरं उभी, "पप्पा, फास्ट फास्ट" म्हणून ओरडत. ट्रॉली सरळ तिच्या कमरंत बसली. ती कळवळून एका कुशीवर झाली, दोन्ही हात पोटावर.

तो म्हणला, "वाटंत काय बसता? दिसत नाय का गर्दी?"

मला काय झालं ठाऊक नाय. मी त्याची ट्रॉली दोन्ही हातांनी धरली आन् ओरडले, "अरे मेल्या, तुला दिसत नाय का? दिवसात हाय ती! तिसरा महिना हाय तिला! तुझ्या पोरांसारखंच लेकरू हाय तिच्या पोटात!"

सगळं दुकान वळून बघायला लागलं. लोकांनी फोन वर केले. तो गडी खाली बघायला लागला, मग पुटपुटला, "मग घरी बसावं ना, इथं कशाला मरायला." पण ट्रॉली मागं घेतली त्यानं! पाचशे माणसांत मागं घेतली!

श्रीनिवास सर पळत आले. अंबिकाला उठवलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ठीक हाय, लागलं नाय फार. सर म्हणले, आत चला. कुठलातरी कागद घेऊन तिच्याबरोबर आत गेले. बघा, एका शब्दानं खुर्ची मिळाली. आठ महिन्यांत... नाय, आठ नाय, पाच महिन्यांत तिला तिथं कुणी खुर्ची दिली नव्हती.

ती आत जाताना माझ्याकडं बघत होती. पोरगी घाबरली होती.

शपथ मोडली, ते खरं. पण सांगायची येळ असती का नाय? घरी आल्यावर सूनबाईला सगळं रंगवून सांगितलं, मी कशी ट्रॉली धरली ते करून दाखवलं. सूनबाईनं हातातलं काम थांबवलं. म्हणली, "आई, सगळ्यांसमोर बोललात? साहेबासमोर?"

"मग काय कानात सांगू?"

ती काहीतरी म्हणणार होती. मग गॅस बारीक करायला गेली.

१६ ऑगस्ट, बुधवार

अंबिका आली नाय. बरं झालं, विश्रांती दिली असंल. मी एकटीनं दोन ट्रॉल्या परत लावल्या. कमर गेली, पण माझ्या लेकीचं काम म्हणून बरं वाटलं.

१९ ऑगस्ट, शनिवार

आजबी नाय. श्रीनिवास सरांना विचारलं. म्हणले, "ती घरी आराम करतेय, आजी." बोलताना फोनमध्येच बघत होते, कामाचा माणूस. मी म्हणलं, देव तुमचं भलं करो. तर ते एकदम आत निघून गेले. कौतुक केलेलं काही माणसांना सोसत नाय, आमचे मालकबी असेच होते.

अंबिकाचा बिल्ला त्यांच्या टेबलावर पडला होता, पिन वाकडी. घरी जाताना इथं ठेवायची पद्धत असंल. मी पदरानं पुसला, पिन सरळ केली, नाव वर करून ठेवला. आली की सापडंल.

तिच्या जागी एक नवी पोरगी हाय तात्पुरती. तिला मी म्हणलं, अंबिका येईस्तोवर तुला मी शिकवते कुठलं कुठं जातं. ती म्हणली, आजी, मला कायमचं सांगितलंय. नवी हाय, तिला काय माहीत.

पाचव्यापर्यंत मला दम निघत नाय. मंगळवारी तिच्या घरीच जाऊन ओटी भरते. नारळ, खण, पाच फळं, तांदूळ, सगळं तिथनंच घेतलं. मोसंबी घेताना दाबून बघितली नाय. पहिलं हाताला आलं ते घेतलं.

२२ ऑगस्ट, मंगळवार

मुकुंदवाडीत तिचं घर शोधलं. एक खोली, वर पत्रा. दारात तिची सासू भागूबाई. मी म्हणलं, मी आवडाबाई, दुकानातली आजी. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्हीच का त्या? मोठ्या आवाजाच्या?"

मी हासले. म्हणलं, व्हय, तीच मी.

"या. बघा तुमच्या आवाजानं काय केलं ते."

आत अंबिका वाती वळत बसली होती, पुढं कापसाचा ढीग. मला बघून उठली, पाया पडली, चहा ठेवला. मी म्हणलं, आराम सोडून हे काय? तर भागूबाईच बोलली. त्याच दिवशी संध्याकाळी बिल्ला काढून घेतला. उद्यापासून येऊ नको म्हणले. कार्ड नाय, काय नाय. बन्सी दवाखान्याच्या चौकशीला गेलाय, रोज जातो.

"सासूबाई, राहू द्या," अंबिका म्हणली. "आजींनी माझ्यासाठीच केलं."

भागूबाई म्हणली, "तुझ्यासाठी केलं, म्हणून तर बोलता येत नाय."

मी पिशवी मांडीवर धरून बसले. नारळ गुडघ्याला टोचत होता. सून त्या दिवशी गॅस बारीक करायला का गेली ते कळलं. सरांना देवाचं नाव का सोसलं नाय ते कळलं. सगळ्या दुकानाला कळलं होतं. मी बिल्ला पुसत बसले होते.

ओटीचं काढलं नाय. तशीच पिशवी घेऊन आले. बसमध्ये एक बाई म्हणली, आजी, बाजार झाला का? मान हलवली.

२४ ऑगस्ट, गुरुवार

ठरवलं होतं, सरांना सांगायचं की मी खोटं बोलले. म्हातारी बाई, डोळ्यात मोतीबिंदू, काहीबाही बडबडती, गडी दबावा म्हणून ठोकून दिलं. जन्मभर धड्यात नसलेलं घालत आले, आज कामाला यील. बसमध्ये घोकत गेले.

श्रीनिवास सरांनी आत बसवलं. मी म्हणलं, "साहेब, अंबिका दिवसात नाय. मी खोटं बोलले. तिला परत घ्या."

ते म्हणले, "आजी, मीही तेच केलं होतं."

मला कळंना.

"लोकांनी व्हिडिओ काढले होते, वरून तासाभरात फोन आला. लेखी कळवा म्हणाले. ती आतच बसली होती. म्हटलं, आजी म्हाताऱ्या आहेत, चुकल्या असतील. तू फक्त नाही म्हण, मी तसंच लिहितो, विषय संपला. मला काही तपासायचं नाही. तू नाही म्हण. दोनदा म्हटलं, आजी. दार लावून म्हटलं. एवढा एकच शब्द पाहिजे होता."

"मग?"

"गप्प बसली. पोटावर हात ठेवून. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मी काय लिहू मग?"

मी उठले. त्यांनी पाणी दिलं ते प्यायले का नाय आठवत नाय. येताना ज्वारीच्या पेटीजवळनं आले. सवयीनं मूठ भरली. फुंकर मारणार, तर हात तिथंच राहिला. परत टाकवंना, घेऊन जाववंना. नवी पोरगी आली, म्हणली, आजी, द्या इकडं. तिच्या ओंजळीत दिली.

आता जे लिहायचं ते लिहिते. नायतर झोप यायची नाय.

सरूबाई मांडवात "नाय हो" म्हणली, ते खरं. आठ दिवसांत गेलं, तेबी खरं. पण मधल्या दिवशी ती भरली घागर घेऊन विहिरीच्या पायऱ्यांवरनं घसरली होती. चार पायऱ्या. मीच तिला वर घेतलं होतं, माझं लुगडं भिजलं होतं. ते मी कधी सांगत नाय. ते घातलं की गोष्टीत दम राहत नाय, बाया म्हणतात, मग पडल्यानंच गेलं की. म्हणून गाळते. चाळीस वरसं गाळत आले. कितीक पोरींना सांगितली असंल. आजवर कुणाचं काय बिघडलं नव्हतं.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

परत मुकुंदवाडीला गेले. फळं नवी घेतली, कोपऱ्यावरच्या गाड्यावरनं. भागूबाई दारातच होती. म्हणलं, "बाई, बोलायचं तेवढं बोला, पण ओटी भरू द्या." तिनं पाट आणून मांडला.

अंबिका पाटावर बसली, पदर पसरला. मी कुंकू लावलं, नारळ ठेवला, खण ठेवला, तांदूळ घातले. पहिली ओंजळ, दुसरी ओंजळ. तेवढ्यात ती वर बघून म्हणली, "आजी, तुम्हाला सांगायचंच राहिलं. सरांनी मला दोनदा विचारलं. नाय म्हण म्हणले. मी म्हणलं नाय."

तिचा चेहरा असा दिसत होता की मला तिच्याकडं बघवंना.

"तुम्ही सांगितलं होतं ना, पोटातलं ऐकतं. मला सरूबाईची आठवण आली. म्हणलं, नोकरी दुसरी मिळंल. ह्याला पुन्हा कसं सांगणार, तू नको नव्हतास म्हणून." मग तिनं विचारलं, "बरोबर केलं ना आजी मी?"

तांदूळ माझ्या ओंजळीत होते. विहिरीच्या पायऱ्या अगदी ओठावर आल्या. चार पायऱ्या, भरली घागर, भिजलेलं लुगडं. एवढंच सांगायचं होतं. सांगितलं असतं तर तिच्याजवळ काय राहिलं असतं?

म्हणलं, "बरोबर केलंस बाई."

तिसरी ओंजळ घातली. तिनं पदराची गाठ मारली, पोटाशी धरली.

जाताना दारापर्यंत सोडायला आली. म्हणली, "आजी, आज लई कमी बोलता."

म्हणलं, "घसा बसलाय."